गाठीची रसद तोडताना

नमस्कार श्रोतेहो. घरात कुणाला कर्करोग झाला की ताटावरून वाद सुरू होतो. डाळ नको, दूध नको, अंडी तर नकोच, गाठीला प्रथिनं मिळतील, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. गाठ अमिनो आम्लांवर, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांवर वाढते, इथवर बरोबर. पण खाणं तोडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून तीच आम्लं रक्तात सोडतं. रोगी खंगतो, गाठ मात्र जेवतच राहते.

मग रसद तोडायची कशी? १९५३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांनी लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग झालेल्या उंदरांना गिनीपिगचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव टोचलं आणि गाठी विरघळल्या. घोड्याच्या किंवा सशाच्या सीरमनं असं काही होईना. कारण हाती लागलं १९६१ मध्ये. गिनीपिगच्या रक्तात अ‍ॅस्परॅजिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल फोडून टाकतं, हे जॉन ब्रूम यांनी दाखवलं. आपल्या बहुतेक पेशी अ‍ॅस्परॅजिन स्वतः तयार करतात. लहान मुलांना होणाऱ्या तीव्र ल्युकेमियातल्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींना ते पुरेसं जमत नाही, त्यांची सारी भिस्त रक्तावर. आज हे एन्झाइम जिवाणूंपासून मिळवतात, आणि त्या मुलांच्या उपचारात ते नेहमीचंच औषध झालं आहे.

मात्र हे औषध अंगभर फिरतं. स्वादुपिंडाला सूज येते, यकृत बिघडतं, रक्तात गुठळ्या होतात. रोगच रक्तात असेल तर हे सोसायला अर्थ आहे. एका जागी बसलेल्या गाठीसाठी?

ग्लुटामिनचं उदाहरण बघा. अनेक गाठी या आम्लाला हपापलेल्या असतात. ते वापरूच न देणारं ‘डॉन’ हे औषध १९५०च्या दशकात मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. पण आतड्याचं अस्तरही ग्लुटामिनवरच जगतं. रुग्णांची पोटं इतकी बिघडली की औषध मागे पडलं. अलीकडे रसायनतज्ज्ञांनी या रेणूला टोपणं घातली. गाठीत जास्त असणारी एन्झाइम्स ती टोपणं काढतात आणि औषध तिथंच जागं होतं. उंदरांमध्ये याचे परिणाम चांगले दिसले, माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या.

दुसरा मार्ग म्हणजे औषध थेट जागेवर ठेवणं. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत केमोथेरपीच्या विरघळणाऱ्या चकत्या ठेवायला अमेरिकेत १९९६ सालीच मान्यता मिळाली. तेच तंत्र वापरून अमिनो आम्लं अडवणारी औषधं जेलमधून द्यावीत, असे प्रयोग प्राण्यांवर चालू आहेत. मला स्वतःला टोपणांची युक्ती जास्त भरवशाची वाटते. जेल पोहोचतं ते सर्जनचा हात किंवा सुई पोहोचेल तिथवरच. रोग हाडांत, यकृतात पसरला असेल, तर तिथल्या पेशींपर्यंत ते जाणार कसं? शिवाय गाठीला रक्त मिळत असतं, आणि त्यातून नवी अमिनो आम्लं क्षणोक्षणी येतच असतात. म्हणजे जेलमधलं औषध आठवडेच्या आठवडे एकसारखं झिरपत राहिलं पाहिजे.