धाप लागलेला लॅपटॉप

(ऐरोलीतल्या एका गृहसंकुलाच्या सभागृहात विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं.

समोर टेबलावर जो लॅपटॉप आहे, तो कळव्याहून आलाय. मालक १८ वर्षांचा, यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश घेतोय. लॅपटॉप सेकंड हँड, चार वर्षं वापरलेला. मुलाचे वडील नौपाड्यातल्या आमच्या दुकानात आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "ताई, आम्ही फसलो. गेम लावला की आठ-दहा मिनिटं मस्त, मग नुसता रडत चालतो." त्याआधी एका ठिकाणी त्यांना मदरबोर्ड बदलावा लागेल असं सांगितलं होतं. मी त्यांच्यासमोरच गेम लावला. सुरुवातीला सेकंदाला ८० फ्रेम्स, म्हणजे स्क्रीनवर ८० चित्रं, आठव्या मिनिटाला तिशीच्या आत. प्रोसेसरचं तापमान ९९ अंश. मदरबोर्ड ठणठणीत होता. लॅपटॉपला धाप लागली होती.

जुना गेमिंग लॅपटॉप हळू झाला की लोक पहिल्यांदा खिशात हात घालतात. रॅम टाका, एसएसडी टाका, नाहीतर विकून टाका. माझं म्हणणं असं, की आधी त्याला श्वास घेऊ द्या. चार वर्षांत त्याच्यातली चिप म्हातारी झालेली नसते. उष्णता बाहेर जाण्याची वाट बुजलेली असते.

चिप स्वतःला जपते. इंटेलच्या लॅपटॉपमधल्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथे पोहोचला की तो आपला वेग आपणच कमी करतो. एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप ग्राफिक्स चिप साधारण ८७ अंशांच्या आसपास तेच करतात. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. स्क्रीनवर कुठलीही सूचना येत नाही, काही बंद पडत नाही, फक्त खेळ अडखळायला लागतो. म्हणून दोष कुणाचा हे कळत नाही आणि बिचाऱ्या मदरबोर्डवर आळ येतो.

तेव्हा काहीही करण्याआधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो मागे चालू ठेवून २० मिनिटं रोजचा गेम खेळा. पाच मिनिटांनी काही कळत नाही, कारण चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या तापायला वेळ लागतो. मग वहीत लिहा: प्रोसेसरचं तापमान, त्याचा वेग, ग्राफिक्सचं तापमान, ग्राफिक्स किती वॅट खातंय, आणि खोलीचं तापमान. हे शेवटचं कुणी लिहीत नाही. यूट्यूबवरचा माणूस एसी लावून २४ अंशांत चाचणी घेतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी घरात ३४ अंश असतात. पंखा हवेनेच गार करतो, त्यामुळे हवा दहा अंशांनी गरम झाली की आतली चिपही जवळपास तेवढीच वर चढते. त्याच्या व्हिडिओत ८० अंश दाखवणारा लॅपटॉप तुमच्या घरी ९० दाखवतो. यात तुमच्या लॅपटॉपचा दोष नाही, पण दहा अंशांची मुभा तुम्हाला कमी आहे हे ओळखून पुढचं सगळं करायचं.

आता साफसफाई. ठाणे-बेलापूर रस्ता असो की घोडबंदर रोड, खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. तीच धूळ पंखा आत ओढतो. पंख्याच्या तोंडाशी तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, तिच्या आतल्या बाजूला धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू मिळून एक थर बसतो. तो हाताने सोलून निघतो, अगदी जुन्या गोधडीतल्या कापसासारखा. पंखा जोरात फिरतो, आवाज विमानासारखा करतो आणि हवा मात्र बाहेर पडत नाही. बाहेरून ब्लोअर मारून उपयोग नाही. तो थर सुटून पंख्याच्या पोटात पडतो आणि आठवड्याभरात परत जागेवर. तळ उघडायलाच हवा. उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची, मग बाकी कशालाही हात लावायचा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने तो भलत्याच वेगाने गरगरला की बेअरिंग जातं, आणि जुन्या मॉडेलचा नेमका पंखा शोधत लॅमिंग्टन रोडपर्यंत जावं लागतं.

नुसत्या धुळीने भागलं तर उत्तम. चार वर्षांच्या लॅपटॉपमध्ये सहसा भागत नाही, कारण चिप आणि तांबं यांच्यामधली, उष्णता पुढे नेणारी पेस्टही संपलेली असते. या लॅपटॉपमध्ये ती पानाच्या डब्यातल्या वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. आणखी एक होतं: चिप तापते, निवते, तापते, निवते, आणि प्रत्येक वेळी थोडी पेस्ट कडेला ढकलली जाते. मधोमध, जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच ती उरत नाही. म्हणून हल्ली मी लॅपटॉपला साधी पेस्ट लावत नाही. फेज-चेंज नावाची पातळ पट्टी मिळते, हनीवेलची पीटीएम ७९५० त्यातली सगळ्यात नावाजलेली. गार असताना ती घट्ट असते, तापली की मऊ होऊन फटी भरते आणि जागची हलत नाही. किंमत पेस्टपेक्षा जास्त आहे, नकली मालही फिरतो, तरी मी तीच सुचवते. वर्षभरात परत तळ उघडायची वेळ येत नाही.

लिक्विड मेटलचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. काही कंपन्या कारखान्यात स्वतःच लावतात, त्यांच्याकडे त्यासाठी बांध घातलेले असतात. घरी लावू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यात गॅलियम असतं. ते ॲल्युमिनियम पोखरतं, आणि वीजवाहक असल्यामुळे एक थेंब घरंगळला तर बोर्ड जळतो.

इथे एक चूक वारंवार दिसते, म्हणून जरा थांबते. ग्राफिक्स मेमरीवर राखाडी, मऊ थर्मल पॅड असतात. उत्साहात लोक तेही बदलतात आणि दीड मिलिमीटरच्या जागी दोनचा लावतात. मग हीटसिंक, म्हणजे चिपवर बसणारा आणि तिची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, त्या पॅडवर टेकतो आणि मुख्य चिपवर नीट बसतच नाही. साफसफाई केली तरी तापमान वाढलं, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा पॅडच बघते. फाटले नसतील तर हात लावू नका. फाटले असतील तर शेजारच्या न दबलेल्या भागाची जाडी मोजून तेवढेच घ्या. हीटसिंकच्या स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. घट्ट करताना त्याच क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा. एकच कोपरा आवळून टाकला तर हीटसिंक तिरका बसतो.

हे सगळं झाल्यावर या लॅपटॉपचा प्रोसेसर ९९ वरून ८६ वर आला आणि आठव्या मिनिटाची घसरण थांबली. पण मला अजून कमी हवं होतं. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांच्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात. म्हणजे प्रोसेसर उगाच तापला तर त्याचा भुर्दंड ग्राफिक्सला पडतो. प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे काम वाढलं की तो आपणहून घेतो तो जादा वेग, थोड्याच फायद्यासाठी फार वीज खातो. चिपची बरीचशी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारावीची मुलं बसली आहेत, करून बघा: तोच वेग ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी केलं, तर ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. विजेचा हा भाग १९ टक्क्यांनी उतरला आणि वेग तसाच राहिला. अंडरव्होल्टिंगचं गणित इतकंच आहे.

प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं पूर्वी सोपं होतं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली, आणि त्यानंतर बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, आलेल्या अपडेटमध्ये इंटेलच्या अनेक लॅपटॉपवर ती सोय बंद झाली. ती परत मिळवायला जुनी बायोस टाकू नका. त्याऐवजी विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. बहुतेक लॅपटॉपवर टर्बो बंद होतो. माझ्या अनुभवात प्रोसेसर दहा-पंधरा अंशांनी उतरतो आणि ग्राफिक्सवर चालणाऱ्या गेममध्ये फरक जाणवतही नाही. शेकडो सैनिक पळवणाऱ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये जाणवेल, तिथे परत १०० करा. ग्राफिक्सचं व्होल्टेज एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममधून कमी करता येतं. मी ८५० मिलिव्होल्टपासून सुरू करते आणि २५-२५ ने खाली येते. गेम बंद पडला की एक पायरी वर. त्यात काही जळत नाही, फार तर लॅपटॉप रीस्टार्ट होतो.

ज्यांना अजून घ्यायचाय, त्यांच्यासाठी. नावावर जाऊ नका, वॅट विचारा. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपचं आरटीएक्स ३०६० हे एकच नाव, पण लॅपटॉपमध्ये ते ६० वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेलं असतं. बारीक, देखण्या लॅपटॉपमधलं ३०६० जाडजूड लॅपटॉपमधल्या ३०६० च्या बरंच मागे राहतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. विकणाऱ्यासमोर उघडून बघा, त्यात संकोच कसला? मूळ चार्जर मागा. २३० वॅटचा चार्जर लागणाऱ्या लॅपटॉपला कुणी १५० चा जोडून विकला, तर तो चालेल, पण लोड आला की वेग पडेल. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर बॅटरी फुगली आहे. ती टोचायची, दाबायची नाही, बदलायचीच. आणि सातव्या पिढीचा इंटेल असलेला, २०१७ च्या सुमाराचा लॅपटॉप स्वस्त मिळाला तरी विचार करा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ त्या पिढीच्या जवळजवळ कुठल्याच प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही.

रॅमचं थोडक्यात: टास्क मॅनेजरमध्ये दोनपैकी एकच स्लॉट भरलेला दिसला तर दुसरी कांडी टाका. दोन वाटांनी डेटा येतो आणि मधेमधे बसणारे झटके कमी होतात. हा एक खर्च मी आनंदाने करायला सांगते. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी हवीच, पण त्याने गेम लवकर उघडेल, फ्रेम्स फारशा वाढणार नाहीत. विंडोज नव्याने टाकल्यावर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, स्क्रीन कधीकधी ६० वरच राहतो. डिस्प्ले सेटिंग उघडून एकदा खात्री करा. ग्राफिक्स मेमरी चार जीबीची असेल तर गेममधलं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागांवरच्या बारकाव्यांचं सेटिंग, एक पायरी खाली आणा, बाकी सेटिंग नंतर. वेग वाढवून देतो म्हणणारे बूस्टर प्रोग्रॅम काढून टाका.

आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका. हवा तळातून आत येते. मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवली तरी फरक पडतो. हजार-दीड हजाराचं रंगीत दिव्यांचं कूलिंग पॅड त्यानंतर घ्या, तेही मोजून फरक दिसला तर.

खाडी जवळ आहे, पावसाळा आहे, म्हणून एवढं सांगते: महिनाभर बॅगेत बंद करून ठेवू नका. दमट हवेत पिना गंजतात. रोज थोडा वेळ चालू राहिलेला लॅपटॉप आतून कोरडा राहतो.

आता पंखे जरा कमी करा, कागद उडतील. या लॅपटॉपचा तळ मी सैल करून आणलाय, बॅटरीची पिन आधीच काढलेली आहे. तो काढलेला धुळीचा थर शेजारच्या डबीत ठेवलाय, हात लावून बघा. जुनी पेस्ट पुसलेला कापूसही तिथेच आहे. लहान मुलं पुढे या, मोठे मागे उभे राहा. स्क्रू एकेकाला काढायला देते, पण काढलेला प्रत्येक स्क्रू त्या कागदावर काढलेल्या चित्रात आपापल्या जागी ठेवायचा. लांबी वेगवेगळी आहे, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की तो थेट बोर्डात शिरतो.