दोन फोन, मधे कुणीच नाही

(दृश्य: जुन्या वाड्याची ओसरी. फरशीवर शेजारी शेजारी दोन फोन.)

बडोद्याच्या दांडिया बाजारातली ही ओसरी. डावीकडचा फोन २०१४ सालचा. त्याचं मागचं झाकण मुद्दाम काढून ठेवलंय, कारण काम सुरू झालं की तो तापतो. उजवीकडचा त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघांत अंतर वीतभर, आणि तेवढ्यातून १८ जीबी पलीकडे न्यायचे आहेत. वायर न लावता.

(दृश्य: फाइलींची यादी. बोट एका नावावर थांबतं.)

हे आकडे बघा: २०१५०९१७. म्हणजे १७ सप्टेंबर २०१५, गणेश चतुर्थी. आत्यांच्या भजनी मंडळाची तेव्हापासूनची भजनं, कीर्तनं, आरत्या, आणि मधूनच कुणाच्या तरी बारशाचे फोटो, सगळं या एका फोनमध्ये आहे. रेकॉर्डिंग करताना फोन पेटीवर ठेवलेला असायचा. त्यामुळे पेटी दणदणीत ऐकू येते आणि गाणाऱ्या बायका शेजारच्या खोलीत बसल्यासारख्या.

(दृश्य: चार्जिंगची जागा, भिंगातून.)

आता इथे बघा. मायक्रो यूएसबीच्या या जागेत पाच पिना असतात. चार्जिंगला त्यातल्या दोन पुरतात. डेटा जातो तो दुसऱ्या दोनमधून. या फोनच्या नेमक्या त्याच गेल्यात. चार्जर लावला की बॅटरी भरते, कॉम्प्युटरला जोडला की तो ओळखही दाखवत नाही. मेमरी कार्डाची सोय या मॉडेलला नाहीच. रावपुऱ्यातल्या दुकानदाराने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हवे नवो ज लई लो, मासी." नवा घेतल्यावर जुन्यातलं बाहेर कसं काढायचं, ते मात्र त्याने सांगितलं नाही.

भाच्याने क्लाउड सुचवला. म्हणजे आधी सगळं कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर चढवायचं आणि तिथून वीतभर अंतरावरच्या फोनमध्ये उतरवायचं. गूगलची फुकटची जागा १५ जीबी. तिथेच गाडी अडली.

ब्लूटूथ आहे, पण जुन्या फोनांमध्ये त्याचा वेग सेकंदाला दोनशे केबीच्या आसपास. हिशोब केला तर पंचवीस तास होतात. तो प्रयोग आम्ही चित्रित केला नाही. तेवढा वेळ कॅमेरा लावून बसणार कोण?

एकेकाळी या कामासाठी ज्याच्या त्याच्या फोनमध्ये शेअरइट नाहीतर झेंडर असायचं. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात दोन्ही गेली. त्याच वर्षी गूगलने नियरबाय शेअर आणलं, पण ते अँड्रॉइड ६ आणि त्यापुढच्यांसाठी. आपला फोन ४.४ वर थांबलेला.

(दृश्य: दोन्ही स्क्रीन जवळून. मोबाइल डेटा बंद होताना.)

नवी दारं बंद झाली तेव्हा कामाला आलं ते सगळ्यांत जुनं. एफटीपी, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात फाइली पाठवायची ठरलेली पद्धत. त्याचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला गेला, आणि लिहिणारे आपलेच, आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत एमआयटीला गेलेले अभय भूषण. मोबाइल फोन तेव्हा जन्मालाही आलेला नव्हता. एफटीपी कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही, म्हणून ते कुणी बंदही करू शकत नाही. छोटंसं एफटीपी अ‍ॅप जुन्यातल्या जुन्या अँड्रॉइडवरही चालतं.

भाचा उजव्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करतोय. डावा त्याला जोडला. इंटरनेट कुठेच नाही, डेटा बंद आहे, तुम्ही आत्ताच पाहिलंत. डाव्यावर एफटीपी सर्व्हर चालू केला, की पडद्यावर १९२.१६८.४३ ने सुरू होणारा पत्ता येतो. तोच उजव्या फोनमध्ये टाकायचा. एफटीपी पासवर्डसुद्धा उघडा पाठवतं, म्हणून निदान हॉटस्पॉटला तरी कुलूप हवं.

घरात राउटर असताना हॉटस्पॉट कशाला? कारण राउटरमधून गेलं की प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो, आधी फोनकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून दुसऱ्या फोनकडे. वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यात डावा फोन वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बोलतो. या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाचा राउटर त्यांच्यावरच बसलेला. म्हणून फोन इतके जवळ ठेवलेत.

(दृश्य: हिरवी पट्टी सरकते. मागे टेबलफॅन.)

ही पट्टी नीट बघा. मोठा व्हिडिओ असला की सेकंदाला तीन एमबीचा वेग टिकतो. फोटो आले की पट्टी अडखळते. एफटीपी प्रत्येक फाइलसाठी नवी जोडणी उघडतं आणि मग बंद करतं, त्यामुळे हजार बारीक फोटोंना एका जाड व्हिडिओपेक्षा जास्त वेळ लागतो. भाच्याने थंबनेल्सचं, म्हणजे फोनने आपणहून केलेल्या छोट्या प्रतींचं, फोल्डर आधीच वगळलं, ते शहाणपणाचं झालं. स्क्रीन झोपू द्यायची नाही, दोन्ही फोन चार्जरवर, आणि डाव्यावर पंख्याचा वारा. आत्या मधूनमधून त्याला हात लावून बघतात. चहा झाला, दिवेलागण झाली, आणि पट्टी भरली.

जुन्यातलं काहीही पुसण्याआधी दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवून घेतला. काही फोटोंवर आजची तारीख पडली, पण नावातली खरी तारीख शाबूत आहे.

रेकॉर्डिंग आता मंडळातल्या चौघींकडे आहेत.

पुढचा नंबर तबलजींच्या फोनचा. त्याची काच फुटलीय आणि टच अर्ध्याच भागात चालतो. आत्यांनी निरोप पाठवलाय, वायफायचं बटण चालत्या अर्ध्यात येतं का, तेवढं आधी बघून या.