खंदक नक्की कुणाभोवती होता?

एका जुन्या इंग्रजी नाटकाच्या हस्तलिखितातलं हे पान डोळ्यांसमोर आणा. मधोमध एक बुरूज, बुरुजाच्या खाली पलंग, भोवती दुहेरी वर्तुळ आणि बाहेरच्या बाजूला पात्रांच्या पाच मचाणांच्या जागा. पूर्वेला देव, उत्तरेला सैतान, पश्चिमेला जग, दक्षिणेला देह आणि ईशान्येला लोभ. पंधराव्या शतकातल्या इंग्लंडमधलं हे हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत आहे. नाटकाचं नाव 'द कॅसल ऑफ पर्सिव्हिअरन्स', म्हणजे चिकाटीचा किल्ला म्हणूया, ओळी साडेतीन हजारांच्या वर, आणि इंग्रजीतल्या पूर्ण लांबीच्या नीतिनाट्यांमध्ये, म्हणजे सद्गुण आणि पापं हीच पात्रं असतात अशा नाटकांमध्ये, हे सगळ्यात जुनं मानतात.

आणि मी ज्या ज्ञानकोशातले लेख सुधारतो त्यात याच्यावरचा लेख केवढा होता, तर जेमतेम चार ओळी! त्यातली एक ओळ अशी, "प्रेक्षकांभोवती खंदक खणला जाई." बस्स. कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, काहीच नाही. मी तिथेच अडकलो.

मूळ आकृतीत त्या दुहेरी वर्तुळात जे लिहिलंय त्याचा अर्थ साधारण असा, की जिथे खेळ होईल तिथे खंदक खणता आला तर हे त्याचं पाणी, नाहीतर सगळीकडून भक्कम कुंपण घाला. आता हे पाणी कुणाभोवती? नाट्य-अभ्यासक रिचर्ड सदर्न यांनी १९५७ मध्ये मांडलं की खंदक सगळ्या खेळाच्या जागेभोवती, म्हणजे पैसे न देता कुणी आत घुसू नये. १९६९ मध्ये दुसऱ्या अभ्यासक नॅटली क्रोन श्मिट यांनी सांगितलं की नाही, हा किल्ल्याचाच खंदक आहे, नेपथ्याचा भाग.

मला स्वतःला दुसरं पटतं, कारण पापं किल्ल्यावर चाल करून येतात त्या लढाईच्या प्रसंगात आळस नावाचं पात्र चक्क फावडं घेऊन येतं आणि म्हणतं मी या खंदकातलं कृपेचं पाणी उपसून टाकतो. पाणी किल्ल्यापाशी असेल तरच या फावड्याला काही अर्थ राहतो ना! पण माझं पटणं लेखात घालायचं नसतं, तिथे दोघांचंही म्हणणं नावासकट, वर्षासकट दिलं आणि ती जुनी ओळ काढली. या एका ओळीला तीन रविवार गेले आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही, कारण शाळेतली पोरं पहिल्यांदा हेच वाचणार असतात.

मग बाकीचा लेख वाढवत गेलो. किल्ल्यातले सद्गुण वरून गुलाबाची फुलं फेकून पापांना पळवून लावतात ते घातलं, सैतानाच्या हातात आणि कानात बंदुकीची दारू भरलेल्या नळ्या पेटवायची सूचना आहे तीही घातली.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो शेवटाकडच्या एका पोराला. नाटकाचा नायक म्हणजे 'माणूस' याच नावाचं पात्र; म्हातारा झालेला हा माणूस लोभापायी किल्ला सोडून येतो, पैसा जमवतो आणि मरायला टेकतो, तेवढ्यात एक अनोळखी पोरगा येतो आणि म्हणतो, हे सगळं आता माझं. माणूस विचारतो, अरे तुझं नाव काय? त्याचं जे इंग्रजी नाव आहे त्याचा शब्दशः अर्थ 'मला मुळीच ठाऊक नाही कोण'. लेखात असं लांबलचक नाव कसं लिहिणार? दोन दिवस डोक्यात तेच. शेवटी आईशी फोनवर बोलताना ती सहज म्हणाली, शेजारची जागा कुणी घेतली कोण जाणे.

फोन ठेवला आणि लेखात त्या पोराचं नाव लिहिलं, 'कोण जाणे'. शेजारी मूळ नावाचा अर्थही दिला.