वाळूखालची हळद : नॉरफोक मातीची ओळख

[दृश्य : पहाटेचा महामार्ग. गाडीच्या काचेतून मागे पळणारी पाइनची झाडं.]

रॅलीहून विल्मिंग्टनला जाणारा हा आय-40 रस्ता नॉर्थ कॅरोलायनातल्या मराठी मंडळींच्या चांगल्या परिचयाचा. शनिवारी पहाटे डबे भरायचे, मुलांना झोपेतच गाडीत घालायचं, की दोन तासांत समुद्र. वाटेत थांबण्यासारखं काही नाही, असं सगळेच म्हणतात.

आज आपण वाटेतच थांबणार आहोत, नॉरफोक नावाची माती बघायला.

रॅली सोडताना रस्त्यासाठी तासलेल्या उतारांवर लाल माती दिसते. घराच्या पायरीवर, मुलांच्या बुटांवर, गाडीच्या चाकांवर चिकटून येणारी चिकणमाती. अर्ध्या-पाऊण तासाने ती लाली संपते. टेकड्या बसतात, जमीन सपाट होते आणि शेतातली माती फिकट, करडी, वाळूची दिसू लागते. डोंगरपायथ्याचा पीडमाँट प्रदेश मागे पडला, किनारी मैदान सुरू झालं. समुद्र अजून शंभराहून अधिक किलोमीटर लांब आहे, पण आपण त्याच्याच जुन्या तळावरून चाललो आहोत. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी, पृथ्वी आजच्यापेक्षा उबदार होती तेव्हा, समुद्राची लाट इथवर येत होती. तिने कापलेला लांबलचक कडा आजही नकाशावर दाखवता येतो. ऑरेंजबर्ग कडा म्हणतात त्याला.

समुद्र मागे हटला, वाळू आणि गाळ उघड्यावर राहिले. तेव्हापासून त्यांच्यावर पाऊस पडतो आहे. आजच्या हिशोबाने वर्षाला साधारण अकराशे ते बाराशे मिलिमीटर, आणि तोही आपल्यासारखा चार महिन्यांत नव्हे, बाराही महिने थोडा थोडा. ही माती त्या पावसाने घडवली आहे.

[दृश्य : शेताच्या कडेला खणलेला खड्डा. भिंतीवर लावलेली मापनाची पट्टी.]

खड्डा दोन मीटर खोल आहे. पुरुषभर उंची, वर हातभर. यंत्राने खणताना भिंतीला फावड्याचे घासे बसतात, माती लिंपल्यासारखी दिसते आणि खरं काहीच कळत नाही. म्हणून पहिलं काम सुरीचं. वरून खाली येत भिंतीचा एकेक टवका उचकटून काढायचा, म्हणजे माती आपल्या नैसर्गिक सांध्यांवर तुटते. अर्ध्या तासात भिंत उजळते आणि थर आपोआप वेगळे दिसतात.

सगळ्यात वर, साधारण तेवीस सेंटिमीटरपर्यंत, नांगराखालचा करडा-तपकिरी थर. मुठीत घेऊन पाणी शिंपडलं तर गोळा होतो, पण बोटाने टोचताच फुटतो. दोन बोटांत दाबून फीत काढायला जा, निघतच नाही. वाळू, थोडा गाळ, थोडी चिकणमाती. आपला एखादा शेतकरी ही माती हातात घेऊन एका शब्दात निकाल देईल : हलकी.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो वरच्या नऊ इंचांबद्दल बोलतो आहे आणि नऊ इंचांबद्दल तो बरोबर आहे. पण आपल्याकडे हलकी जमीन म्हणताना मनात आणखी एक गोष्ट असते : फूट-दीड फुटावर मुरूम लागणार. इथे मुरूम नाही. दोन मीटर खणूनही खडक नाही, साधा गोटाही नाही. ही जमीन हलकी म्हणावी तर तिची खोली त्या शब्दात मावत नाही.

[दृश्य : सुरीचं टोक भिंतीवरून खाली सरकतं, एके ठिकाणी अडखळतं.]

त्याखाली तेरा-चौदा सेंटिमीटरचा फिकट पिवळसर पट्टा. पावसाच्या पाण्याने इथली चिकणमाती आणि लोह धुऊन खाली नेलं, मागे राहिली ती धुतलेली वाळू. दिसायला हा थर सगळ्यात निरुपद्रवी, पण इथल्या शेतकऱ्याची खरी डोकेदुखी तोच आहे. वाळूचे लहानमोठे कण एकमेकांत इतके घट्ट बसतात की थर कोरडा झाला की सुरी आत जात नाही. कपाशीचं सोटमूळ इथवर येतं आणि काटकोनात वळतं. खाली ओल आहे, मूळ तिथवर पोहोचत नाही. दोन आठवडे पाऊस चुकला की वरचं पीक माना टाकतं.

साउथ कॅरोलायनात फ्लॉरेन्स इथे अमेरिकेच्या कृषी खात्याचं संशोधन केंद्र आहे. या एका पट्ट्यावर तिथे कित्येक वर्षं काम झालं आहे. उपाय सापडला तो सबसॉयलरचा : पेरणीच्या ओळीखाली लोखंडी फाळ दीड फुटापर्यंत घालायचा आणि थर चिरायचा. मुळांना वाट मिळते. पण पावसाळी पाण्यात वाळू पुन्हा बसते, चीर बुजते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच करावं लागतं. डिझेल जळतं, ट्रॅक्टरला जोर लागतो. चौदा सेंटिमीटरच्या थरासाठी एवढा खटाटोप दर वर्षी करणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

[दृश्य : भिंतीचा खालचा भाग. उन्हात उजळलेला पिवळा रंग.]

आणि आता बघा. छत्तीस सेंटिमीटरच्या आसपास भिंतीचा रंग पालटतो. करडं, फिकट सगळं संपतं आणि ओल्या हळकुंडाच्या आतल्या रंगाची, जरा मातकट, एकसारखी पिवळी-तपकिरी माती सुरू होते. ती थांबत नाही. एक मीटर, दीड मीटर, त्याहून खाली.

मुठीत घ्या. हीच ती 'हलकी' जमीन, पण आता बोटांना चिकटते. दाबली की इंच-दीड इंचाची फीत निघते आणि मग आपल्याच वजनाने तुटते. वाळू अजून लागते हाताला, पण तिला आता बांधून ठेवणारं काहीतरी आहे. ढेकूळ फोडून भिंगाखाली धरलं तर ते दिसतं. वाळूच्या कणाकणामध्ये चिकणमातीचे बारीक पूल आहेत आणि ढेकळाच्या अंगावर दुधावरच्या सायीसारखा गुळगुळीत, चकाकणारा लेप. वरून धुतलेली चिकणमाती पाण्याबरोबर इथे उतरली आणि पाणी पुढे गेल्यावर भिंतीला चिकटून राहिली. मृदाशास्त्रज्ञ वहीत या थराला बी आणि त्यापुढे बारीक टी लिहितात. चिकणमातीच्या जर्मन शब्दाचं ते पहिलं अक्षर.

रंग नोंदवायला मन्सेलची पुस्तिका लागते. रंगांच्या छोट्या चौकोनी चकत्या, प्रत्येकीखाली भोक. मातीचा ओला तुकडा मागे धरायचा आणि जुळणारी चकती शोधायची. ऊन पाठीवर घ्यायचं, गॉगल काढायचा. इथे जुळते ती 10 वायआर 5/6. असा आकडा लिहिला की ब्राझीलमधल्या किंवा दापोलीतल्या माणसालाही नेमका हाच पिवळा कळतो.

हा रंग निचऱ्याची साक्ष आहे. मातीतलं लोह हवेत असलं की गंजतं. इथला गंज बहुतेक गोथाइट या पिवळ्या खनिजाचा, रॅलीच्या लाल मातीत हेमटाइट हे तांबडं खनिज जास्त. पण माती महिनोन्महिने पाण्याखाली राहिली की हवा संपते, जिवाणू श्वासासाठी हवेऐवजी तेच लोह वापरतात, लोह विरघळून निघून जातं आणि मागे राखाडी रंग उरतो. म्हणून सर्वेक्षक पहिल्या मीटरमध्ये राखाडी डाग शोधतो. सुरीने कोरून, ढेकळं फोडून, पुन्हा पुन्हा. आज भरउन्हात आलो म्हणून माती कोरडी दिसली, काल पाऊस पडला म्हणून ओली दिसली, याला अर्थ नाही. शंभर हिवाळ्यांत पाणी कुठवर चढलं, याची नोंद त्या डागांत असते. इथे पहिल्या मीटरमध्ये राखाडीचा ठिपकाही नाही. उत्तम निचऱ्याची माती असं आपण वहीत लिहितो, ते या पुराव्यावर.

अगदी खाली, दीड मीटरच्या पुढे, मात्र थोडे तांबडे, जरा घट्ट ठिपके दिसू लागतात. नखाने दाबले तर दबतात. याला प्लिन्थाइट म्हणतात, ग्रीक भाषेतल्या विटेवरून. वारंवार ओलं-कोरडं होत राहिलं की हा पदार्थ कायमचा दगड होतो. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. जांभ्याच्या खाणीतून चिरा निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो आणि घराच्या भिंतीत वर्षानुवर्षं हवा खात कडक होत जातो. स्कॉटिश सर्वेक्षक फ्रान्सिस ब्युकॅननने 1807 साली मलबारमधल्या अशाच दगडाला लॅटराइट हे नाव दिलं, तेही विटेच्याच लॅटिन शब्दावरून. नॉरफोकच्या तळाशी त्या गोष्टीची फक्त चाहूल आहे. शेजारच्या टिफ्टन आणि डोथन मातींत तिचं प्रमाण बरंच वाढतं.

[दृश्य : टेबल. कागदी पिशव्यांत भरलेले नमुने, वही, पेन्सिल.]

वर्णन झालं. आता नाव.

अमेरिकेचं मृदा सर्वेक्षण 1899 साली सुरू झालं आणि नॉरफोक हे त्याच्या अगदी सुरुवातीच्या नावांपैकी एक. पण ते घरचं नाव. कागदोपत्री नाव लांबलचक : फाइन-लोमी, केओलिनिटिक, थर्मिक टिपिक कँडिउडल्ट. ऐकून घाबरायला होतं. आपल्या शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी वाचतात तसं हे शेवटून वाचायचं.

शेवटचा 'उल्ट' म्हणजे अल्टिसॉल, जगातल्या मातींच्या बारा कुळांपैकी एक. पावसाने पार धुतलेल्या, आम्ल मातींचं कुळ. त्याआधीचा 'उड' सांगतो की इथे वर्षभर पुरेशी ओल असते. 'कँडि' आलं केओलिनाइट या चिकणमातीवरून. टिपिक म्हणजे गटाचा नमुनेदार प्रतिनिधी. फाइन-लोमी म्हणजे त्या पिवळ्या थरात चिकणमाती 18 ते 35 टक्क्यांमध्ये. थर्मिक म्हणजे अर्धा मीटर खोलीवर मातीचं वर्षाचं सरासरी तापमान 15 ते 22 अंश.

यातल्या 'कँडि'पाशी थोडं थांबायला हवं. आपली विदर्भ-मराठवाड्याची काळी कापसाची माती आठवा. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसात चिखल आणि वाफसा यायची वाट बघणं. ती चिकणमाती फुगते, आकसते आणि अन्नद्रव्यं भरपूर धरून ठेवते. केओलिनाइट यातलं काहीच करत नाही. फुगत नाही, भेगाळत नाही, आणि धरूनही फार ठेवत नाही. नियम असा की एक किलो चिकणमातीमागे विनिमय क्षमता, म्हणजे अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकद, 16 सेंटिमोलपेक्षा जास्त नसेल तरच 'कँडि'. काळ्या मातीतल्या चिकणमातीची क्षमता याच्या कितीतरी पट असते. कापूस दोन्हीकडे पिकतो, पण म्हणूनच इथल्या शेतकऱ्याला खत एकदम टाकून चालत नाही. जोराच्या पावसात नत्र आणि पालाश वाळूतून खाली निघून जातात.

हा नियम 1986 साली आला. त्याआधी नॉरफोक पॅलिउडल्टमध्ये मोडायची. जुन्या संशोधनात ते नाव अजून भेटतं आणि विद्यार्थी गोंधळतात. माती तीच होती, तिच्याकडे बघण्याची दृष्टी बदलली.

आणखी एक गोष्ट मला या पद्धतीत फार सुंदर वाटते. अल्टिसॉल ठरवायला मातीतली चुना-मॅग्नेशियमसारखी विम्ल द्रव्यं मोजावी लागतात, विनिमय क्षमतेत त्यांचा वाटा 35 टक्क्यांच्या खाली असावा लागतो. पण ते मोजायचं कुठे? वर नाही. अशा मातीत सुमारे 1.8 मीटर खोलीवर. कारण वर शेतकरी चुना टाकतो, सामू सुधारतो, आणि टाकलाच पाहिजे, नाहीतर पीक येणार नाही. पण आजोबांनी चुना टाकला आणि नातवाने टाकला नाही म्हणून मातीचं कुळ बदलू नये. नांगर आणि चुना जिथवर पोहोचत नाहीत, तिथली साक्ष ग्राह्य धरायची. आपला खड्डा दोन मीटर खोल आहे तो त्यासाठी.

[दृश्य : खांद्यावर गिरमिट घेऊन शेतातून चालणारा माणूस. मागे, शेताच्या कडेला, ओढ्याकाठची झाडं.]

आता खड्डा सोडून चालू लागू या. खड्डा ओढ्याच्या बाजूला, शेताच्या कडेला होता. आपण ओढ्याकडे पाठ करून शेताच्या मध्याकडे निघालो आहोत. जमीन सपाट, चढ असलाच तर डोळ्याला न कळणारा. आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं की ओढ्यापासून जितकं लांब आणि उंच, तितकी जमीन कोरडी.

इथे उलट आहे. मृदाशास्त्रज्ञ रेमंड डॅनियल्स आणि अर्लिंग गॅम्बल यांनी 1967 मध्ये याच मैदानात ते दाखवून दिलं. ओढ्याने कापलेल्या कडेशी जमिनीतल्या पाण्याला बाहेर पडायला वाट असते, म्हणून कडेची पट्टी कोरडी. आत, सपाटीच्या मध्यावर, पाण्याला जायला जागाच नाही. ते तिथेच उभं राहतं. वाळू तीच, पाऊस तोच, फरक फक्त ओढा किती लांब आहे याचा.

पहिल्यांदा गिरमिट घातलं, पिवळं. पुढे गेल्यावर पुन्हा घातलं : पाऊण मीटर खाली पिवळ्यात राखाडी नस. ही गोल्ड्सबोरो नावाची माती. आणखी पुढे राखाडी वर सरकली, ही लिंचबर्ग. शेताच्या मध्यात नांगराखालची माती काळपट झाली, कडेने चर खणलेले दिसू लागले, आणि चौथ्यांदा गिरमिट बाहेर आलं तेव्हा पात्यात अडकलेली माती शाडूसारखी राखाडी होती, मध्ये एखादी पिवळी रेघ. ही रेन्स.

[दृश्य : गिरमिटाचं भोक, वरून. आवाज फक्त वाऱ्याचा.]

भोकाच्या तळाशी आधी काहीच दिसत नाही. मग काठाची वाळू ओली होते, एक कण सुटून खाली पडतो आणि टपकन आवाज येतो. पाणी येऊ लागलं आहे.