रीडबॅक बरोबर आला, तरीही

उतरणाऱ्या विमानांची रांग लागली की अप्रोच कंट्रोलरच्या (त्यांना धावपट्टीकडे आणणाऱ्या नियंत्रकाच्या) एकाच फ्रिक्वेन्सीवर दहा-बारा विमानं सहज असतात. शेवटच्या टप्प्यात दोन विमानांमध्ये तीन सागरी मैल अंतर ठेवलं, तर १४० नॉट (ताशी सागरी मैल) वेगाचं विमान ते ७७ सेकंदांत तोडतं. या वेळात कंट्रोलर सूचना देणार, वैमानिक ती परत म्हणून दाखवणार (हा रीडबॅक) आणि कंट्रोलर ती ऐकून पडताळणार. सूचनेला चार सेकंद, रीडबॅकला चार आणि मधली फट दोन धरली, तर एका संवादाला दहा सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला जेमतेम सहा. एकदा 'से अगेन' (पुन्हा सांगा) आलं की मागच्या विमानाचं वळण लांबतं. म्हणूनच या वेळी सगळे घाईने बोलतात, आणि चुकाही याच घाईत होतात.

आधी रेडिओचं बघू. हा व्हीएचएफ रेडिओ एका वेळी एकालाच बोलू देतो, आणि बोलणाऱ्याला त्या क्षणी काहीच ऐकू येत नाही. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर इतरांच्या कानावर फक्त कर्कश शिट्टी येते. त्या दोघांना मात्र आपलं बोलणं पोचलं असंच वाटतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर टॉवरचं 'ओके' उड्डाणाच्या तयारीतल्या केएलएमच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये ऐकू गेलं. त्यापुढचं 'थांबा, मी सांगतो' आणि 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' हे पॅन अ‍ॅमचं वाक्य एकमेकांवर आदळलं. दोन्ही विमानांची टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. तो प्रसंग उड्डाणाचा होता, पण रेडिओ तोच आहे आणि गर्दीच्या वेळी ती शिट्टी आजही ऐकू येते. ती ज्याला ऐकू येईल त्याने 'ब्लॉक्ड' म्हणायचं, मग सूचना कोणासाठी का असेना. आणखी एक: बटण दाबता दाबता बोलायला सुरुवात केली तर पहिले शब्द कापले जातात. कंट्रोलरच्या वाक्यात सुरुवातीला कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव) असतं, म्हणजे नेमकं तेच जातं, आणि मिळत्याजुळत्या कॉलसाइनचं दुसरंच विमान सूचना उचलतं. बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं.

आता आकडे. 'टू फाइव्ह झीरो' ही दिशा असू शकते, वेग असू शकतो, फ्लाइट लेव्हलही (शंभर फुटांच्या हिशेबातली उंची) असू शकते. म्हणून आकड्याआधी 'हेडिंग' किंवा 'फ्लाइट लेव्हल', वेगानंतर 'नॉट्स' आणि उंचीत 'थाउजंड', 'हंड्रेड' हे शब्द गाळायचे नाहीत. गाळले की काय होतं ते १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ दिसलं. फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७ उतरायला येत होतं. कंट्रोलर म्हणाला, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो'. म्हणजे २,४०० फुटांवर या. कॉकपिटमध्ये पहिला 'टू' हा आकडा न वाटता 'पर्यंत' या अर्थाचा शब्द वाटला. उत्तर गेलं, 'ओके, फोर झीरो झीरो'. चारशे. कंट्रोलरने ते दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं आणि चौघे गेले. 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' म्हटलं असतं, तर असा गैरसमज व्हायला जागाच उरली नसती.

इथे वैमानिकाचं चुकीचं ऐकणं समजून घेता येतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते चुकीचा रीडबॅक निसटणं. रीडबॅक येत असताना कंट्रोलरचे डोळे पुढच्या विमानावर असतात, हात स्ट्रिपवर (विमानाच्या नोंदीच्या पट्टीवर) असतो, आणि आपणच नुकतं म्हटलेलं वाक्य डोक्यात घुमत असतं. कान मग तेच ऐकतो. समोरच्याचा आवाज ठाम आणि सराईत असेल तर चूक आणखी सहज निसटते. म्हणून रीडबॅक ऐकणं हे वेगळं काम मानायला हवं. तो संपेपर्यंत पुढचं वाक्य मनात जुळवायचं नाही.

पण रीडबॅक अक्षरशः बरोबर असूनही घात होतो. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर एका ए३२०ला क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा हवेचा दाब, हेक्टोपास्कलमध्ये) १००१ ऐवजी १०११ सांगितला गेला. वैमानिकांनी १०११ परत म्हटला, तोच लावला. दहा हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८० फूट. अप्रोच वायुदाबावर आधारलेला होता, त्यामुळे उतरण्याची अख्खी वाट तेवढी खाली सरकली. कॉकपिटमधले आकडे जागच्या जागी, आणि विमान मात्र धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून सुमारे सहा फुटांवर. धावपट्टी दिसेना म्हणून त्यांनी गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेले, आणि सगळे वाचले. चूक सूचना देणाऱ्याचीच असेल तर रीडबॅक तिची इमानाने नक्कल करतो. असा आकडा दुसऱ्या वाटेनेच ताडावा लागतो: एटिसमधला (विमानतळाच्या ध्वनिमुद्रित माहितीतला) क्यूएनएच आणि रेडिओवरचा क्यूएनएच यांत फरक दिसला, तर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टोकियोच्या हानेदा विमानतळाचं उदाहरण याहून अवघड आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टॉवरने तटरक्षक दलाच्या विमानाला सांगितलं: 'नंबर वन, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट सी५', म्हणजे धावपट्टीच्या अलीकडच्या सी५ या थांब्यापर्यंत या. रीडबॅक आला, त्यात सी५ होतं, 'नंबर वन'ही होतं. कंट्रोलरच्या दृष्टीने 'नंबर वन' हा रांगेतला क्रम होता. कॉकपिटमध्ये मात्र धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली असा समज झाला. विमान धावपट्टीवर जाऊन थांबलं आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं ए३५० त्यावर आदळलं. तटरक्षकच्या सहांपैकी पाच जण गेले. ए३५०मधले ३७९ जण बाहेर पडले. नंतर काही काळ टॉवरने क्रम सांगणंच थांबवलं. हा उपाय मला पटतो. परवानगीच्या वाक्यात परवानगी नसलेली माहिती घातली, की ऐकणारा तिलाही परवानगी समजू शकतो.

उलट दिशेचं उदाहरण अ‍ॅव्हिआंका ५२चं. २५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क, खराब हवा, तासाभराहून अधिक होल्डिंग, म्हणजे हवेतच घिरट्या घालत थांबणं. वैमानिक सांगत राहिले की इंधन संपत आलंय, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला गेला नाही. कंट्रोलरच्या कानांना त्या संध्याकाळी सगळ्यांचंच इंधन कमी होतं. इंधन संपून विमान कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. आता त्यासाठी ठरलेले शब्द आहेत: आणखी विलंब चालणार नाही तेव्हा 'मिनिमम फ्युएल', उतरताना राखीव इंधनालाच हात लागणार हे नक्की झालं की 'मेडे, मेडे, मेडे, फ्युएल'. हे शब्द सोडून सौम्य भाषेत सांगत बसू नये.

कंट्रोलरसाठी: दिशा, उंची, वेग आणि अप्रोचची परवानगी एका दमात देऊ नका. दोन-तीन गोष्टी द्या, रीडबॅक घ्या, उरलेलं मग. बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आत ठेवा. घाईने वाचवलेले दोन सेकंद एका 'से अगेन'मध्ये जातात. वैमानिकांसाठी: दोघांना वेगवेगळं ऐकू आलं तर आपापसात निकाल लावू नका, कंट्रोलरला विचारा. आणि विचारताना 'कन्फर्म थ्री थाउजंड?' असं नको. गर्दीतला कंट्रोलर अर्धं ऐकून 'अफर्म' (हो) म्हणून मोकळा होईल. 'से अगेन लेव्हल' म्हणा, म्हणजे आकडा त्याच्याच तोंडून येईल.

बऱ्याच ठिकाणी आता मोड एसमुळे (विमानाकडून रडारला आपोआप माहिती पाठवणाऱ्या यंत्रणेमुळे) वैमानिकाने कॉकपिटमधल्या उंचीच्या खिडकीत लावलेली उंची कंट्रोलरच्या पडद्यावर दिसते. रीडबॅकनंतर तिकडे एक नजर टाकावी. फरक दिसला तर वाक्य ठरलेलं आहे: 'चेक सिलेक्टेड लेव्हल, क्लिअर्ड लेव्हल इज', आणि पुढे फक्त बरोबर उंची. पडद्यावर दिसलेला चुकीचा आकडा बोलायचा नाही, कारण बोललात तर तोच पुन्हा ऐकला जाईल.