लंडनहून ग्लासगोला जाताना वाटेत मावशीचं घर

नमस्कार मंडळी. उन्हाळा आला की बडोद्यात घरोघरी फॉरेनचे बेत सुरू होतात, आणि आता नुसती टूरवाल्यांची बस नाही, गाडी भाड्यानं घेऊन आपलं आपण फिरायचं असं पोरं म्हणतात. आम्हीही ब्रिटनमध्ये असेच फिरलो, लंडनहून पार वर स्कॉटलंडपर्यंत. पण लंडनचा टॉवर नि राजवाडा मी सांगत बसत नाही, ते सगळं तुम्ही मोबाइलवर बघितलेलंच असतं. मला बोलायचंय ते वाटेतल्या नातेवाइकांबद्दल, आणि तेही सख्खे नाही, लांबचे, ज्यांचं नाव घरात फक्त लग्नाच्या याद्या करताना निघतं.

माझं म्हणणं एवढंच की रस्त्यात असं कुणी राहत असेल तर गाडी जरूर वळवा, पण जेवायला जा, मुक्कामाला नको. आपल्याकडे तिकडचे नातेवाईक म्हणजे हॉटेलचे पैसे वाचले असा हिशोब करतात आणि मला ते अजिबात पटत नाही. तिथं नवराबायको दोघं कामाला, घरं लहान, हाताखाली बाई नाही, आणि तुम्ही चार माणसं चार मोठ्या बॅगा घेऊन उतरलात की त्यांची आठवड्याची हक्काची सुट्टी तुमचे टॉवेल धुण्यात जाते. जवळपास एखादी साधी रूम घ्या, तीन-चार आठवडे आधी फोन करून दिवस ठरवा, दुपारी जा, संध्याकाळी निघा. गप्पांना तेवढा वेळ भरपूर होतो.

ब्रिटनमध्ये गाडी चालवणं आपल्याला जड जात नाही, कारण तिथंही डावीकडूनच चालवतात आणि आपलं भारतातलं लायसन्स पाहुण्यांना बारा महिने चालतं. फक्त गाडी घेताना क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं बहुतेक ठिकाणी, ते बघून ठेवा. पाट्या सगळ्या मैलात, मोटरवेवर जास्तीत जास्त ताशी ७० मैल, म्हणजे साधारण ११२ किलोमीटर. आणि सर्कलवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तिथं ते अगदी काटेकोर पाळतात.

तर लंडनहून एम १ हा मोटरवे धरला की शंभरेक मैलांवर लेस्टर. आमची मावशी तिथं राहते. मावशी म्हणजे माझ्या आईची आजी आणि तिची आजी सख्ख्या बहिणी. काका डॉक्टर, एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरी लागली म्हणून गेले ते तिथलेच झाले. लेस्टरला गुजराती वस्ती मोठी, कारण १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं तिथल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, त्यातले कितीतरी गुजराती लेस्टरला आले. तेव्हा तिथल्या कौन्सिलनं युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका म्हणून, आणि आज तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी बघायला लोक लांबून येतात. आम्ही त्या रस्त्यावर भाजी घ्यायला थांबलो आणि 'केम छो' झालं तसं दुकानदारानं बडोद्यात कुठे राहता हेच विचारलं, रावपुरा म्हटल्यावर त्यानं आमच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी वरून टाकली.

जायच्या आधी आम्ही एक केलं होतं, ते तुम्हीही करा. दांडिया बाजारातून मावशीच्या माहेरच्या गल्लीतून चालत चालत पुढे सुरसागर तलावापर्यंत मोबाइलवर व्हिडिओ काढला, मधे कुठे न थांबवता. मावशीला तो जेवणाआधी लावून दिला तर जेवण राहिलंच बाजूला. थांब, मागे घे, अजून थोडं मागे, असं करत करत तिनं एका बंद शटरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथं आमचा ओटा होता, दादा इथंच बसून पेपर वाचायचे. मग प्रश्नांवर प्रश्न, न्याय मंदिरातलं कोर्ट हललं म्हणतात ते खरं का, खंडेराव मार्केटात भाजी तशीच बसते का, कमाटीबागेतल्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा अजून आहे ना. आहे म्हटल्यावर तिला झालेला आनंद काय सांगू.

आणि तिच्याकडे एका मुंजीचा ग्रुप फोटो होता. तोच आमच्याकडेही आहे, पण अर्ध्याअधिक माणसांची नावं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. मावशीनं एकेकावर बोट ठेवत सगळी सांगितली, मागच्या रांगेतल्या सोवळ्या आजीबाईंचं माहेरचं नावसुद्धा, आणि मी पेन्सिलीनं मागे लिहीत गेले. ही माहिती आता जगात त्या एका बाईकडे उरलीय हो, लेस्टरमध्ये, आणि वय ऐंशीच्या पुढे. म्हणून मी जीव तोडून सांगतेय की जा.

बडोद्याच्या माणसाला तर लांबच्या नात्याची किंमत वेगळी सांगायला नको. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून काढल्यावर त्यांच्या भावजय जमनाबाईंनी दत्तक मुलगा कुठून आणला, तर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून, गायकवाडांच्याच लांबच्या शाखेतला बारा वर्षांचा गोपाळराव, आणि तेच आपले सयाजीराव महाराज.

नेण्याबद्दल एक महत्त्वाचं. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड असं दुधाचं काहीही ब्रिटनमध्ये नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. आपली भाकरवडी, लीलो चेवडो न्या, त्याचं तिथं फार अप्रूप. गाडी त्यांच्या दारात लावायची तर पार्किंगचं आधी विचारा, बऱ्याच गल्ल्यांत पाहुण्यांचा परमिट लागतो आणि तो घरच्यांनाच काढावा लागतो. आणि नातवंडांना मराठी येत नसेल तर त्यांना सगळ्यांसमोर बोलून दाखव म्हणू नका, पोरं बिचारी कानकोंडी होतात, त्यापेक्षा सरळ त्यांच्याशी इंग्रजीत बोला, ती खूप बोलतात.

पुढे एम ६ नं लेक डिस्ट्रिक्टच्या कडेनं जात ग्लासगोला पोचलो, तिथं एक लांबचा भाचा शिकायला आहे, त्याच्याबरोबर एक वेळ जेवलो, पोरगं खूश. लेस्टरहून निघताना मावशीनं तिच्या दिराच्या मुलीचा नंबर दिला होता, ती बर्मिंगहॅमला असते आणि तिलाही म्हणे बडोद्याचं कुणी भेटत नाही. बर्मिंगहॅम एम ६ वरच आहे, पण त्या खेपेला वेळ नव्हता. आता तिच्याशी दर रविवारी फोन चालू आहे, आणि तिच्या आईचं माहेर बाबाजीपुऱ्यात होतं असं कळलंय, तेव्हा या आठवड्यात मोबाइल घेऊन तिकडे जायचंय. नमस्कार.