सोलापूरच्या घरात टिकणारी झाडं, आणि तो एक तांब्या

नमस्कार मंडळी! आज पहाटे आमच्या भागात नळाला पाणी आलं. चार दिवसांनी. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. पिंप घासायचं, घागरी भरायच्या, टाकी भरून घ्यायची. आणि पिंपाच्या तळाला जे शिळं पाणी उरलेलं असतं, ते मोरीत ओतून द्यायला कुणाचा हात होतो? उजनी धरणातून आलेलं पाणी ते. मग ते कुंड्यांत जातं. प्रत्येक कुंडीत तांब्या-तांब्या. मायेनंच घालतो आपण. पण मी आजवर जेवढी घरातली झाडं मरताना बघितली, त्यातली बहुतेक ह्याच तांब्यानं मेली.

(रिकामी कुंडी जवळ घेऊन)

ह्या कुंडीत माझं झीझी प्लांट होतं. दोन वर्षं छान वाढलं. मागच्या पावसाळ्यात एकेक दांडा पिवळा पडायला लागला. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून घातलं. एके दिवशी पान पुसायला दांडा धरला, तर तो अलगद सुटून हातातच आला. मग कुंडी उपडी केली. झीझीला मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात. एक दाबून बघितला, तर बोट आत गेलं. दुसरा, तिसरा, तसेच. सडक्या बटाट्याचा जो वास असतो ना, तोच. पाचांतला एकच कंद टणक निघाला. तो मी बाजूला ठेवला. त्याचं पुढं सांगते.

आता असं का झालं? झीझी मूळचं पूर्व आफ्रिकेतलं. तिथं पाऊस पडून गेला की पुढं कित्येक महिने कोरडे जातात. म्हणून ते झाड कंदात पाणी भरून ठेवतं. तो कंद म्हणजे त्याचा हौद. हौद भरलेला असताना आपण वरून ओतत राहिलो की मातीतली हवा निघून जाते. मुळांनाही हवा लागते, ती गुदमरतात आणि कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळं माती ओली आणि पान मात्र सुकलेलं, असं दिसतं. आपण पानाकडं बघतो, मातीकडं बघत नाही, आणि पुन्हा तांब्या घेतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की आपल्या गावात झाड घ्यायचं ते स्वतःचं पाणी स्वतः साठवणारं घ्या, आणि पाण्याचा वार नळावर ठरवू नका, मातीवर ठरवा. बोट दोन पेरं आत घाला. गार, ओलसर लागलं तर कुंडीला हात लावायचा नाही. कुंडी मोठी असेल तर उदबत्तीची काडी खाली तळापर्यंत खुपसून बाहेर काढा. काडीला माती चिकटून आली तर अजून ओल आहे. झीझी आणि स्नेक प्लांटला माती पूर्ण वाळल्यावरच पाणी. आमच्या घरात मे महिन्यात हे दहा-बारा दिवसांनी येतं, पावसाळ्यात तीन आठवडे सहज जातात, थंडीत महिनाही जातो. तुमच्या घराचा हिशेब तुमची काडी सांगेल.

(स्नेक प्लांट दाखवत)

नवशिक्या माणसाला मी पहिलं हेच झाड देते. पान दाबून बघा की, किती जाड आहे. ह्यात पाणी आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात, त्यात पाणीही उडून जातं. हे मात्र दिवसभर छिद्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्याला उघडतं. पारा 42 च्या वर गेला तरी हे उभं राहतं, ते ह्यामुळंच. एक लक्षात ठेवा. पिवळ्या काठाची जात असेल तर पान कापून लावू नका, नवीन रोप साधं हिरवं निघतं. पिवळा काठ हवा असेल तर बुंध्याजवळ फुटलेलं पिल्लूच मुळासकट वेगळं करायचं.

हे झाड रात्री ऑक्सिजन देतं, घरातली हवा शुद्ध करतं, असं सांगून विकतात. हवा शुद्ध करण्याच्या गोष्टीमागं 1989 सालचा नासाचा एक प्रयोग आहे. त्यात झाडं छोट्या बंद पेट्यांत ठेवली होती. आपलं घर बंद पेटी नाही. 2019 मध्ये संशोधकांनी अशा बऱ्याच प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला, तर घरात एरवी जी हवा खेळते तिची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान 10 आणि काही हिशेबांनी 1000 झाडं लागतील असं निघालं. हवा पाहिजे तर खिडकी उघडा. झाड घ्या ते सकाळी चहा पिताना समोर हिरवं दिसावं म्हणून. मला हे कारण फार मोठं वाटतं.

मनी प्लांट तर सगळ्यांकडं आहे. चोरून आणलेलं जास्त फोफावतं म्हणतात. चोरा नाहीतर मागून आणा, बघायचं ते पेर. (वेल कॅमेऱ्याजवळ नेत) हा बघा, जिथून पान फुटलंय तिथं तपकिरी बारीक उंचवटा दिसतो. मूळ इथून फुटतं. हे पेर नसलेलं नुसतं पान बाटलीत ठेवलं तर महिनोन्महिने हिरवं राहील, पण वेल कधीच होणार नाही. पेराच्या खाली बोटभर अंतरावर कापा, पेर पाण्यात बुडू द्या, पान वर ठेवा. आणि घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनी प्लांट आणि झीझी दोन्ही उंचावर ठेवा. पान चावलं तर तोंडाची, जिभेची आग होते.

स्पायडर प्लांटही सोपं, पण बोअरच्या पाण्यानं त्याची टोकं करपतात. पाण्यातले क्षार टोकाशी साठतात. मातीवर, कुंडीच्या काठाला पांढरा थर दिसला की समजा. नळाचं साठवलेलं पाणी ह्याला द्या. फिल्टरमधून बाहेर पडणारं वाया पाणी कुठल्याच कुंडीत घालू नका, त्यात क्षार अजून जास्त.

आता माती. आपली काळी माती शेतात सोनं, कुंडीत मात्र नको. भिजली की चिखल धरून बसते, वाळली की तडकून मुळं तोडते. मी दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत आणि एक भाग विटांचा जाड चुरा घेते. कुंडीला भोक पाहिजेच. चिनी मातीची बिनभोकाची कुंडी आवडली असेल तर झाड प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्या आणि ती आत ठेवा.

एक अनुभव सांगते. एका नर्सरीतून आणलेलं रोप आठ दिवसांत मान टाकायला लागलं. पाणी घातलं की लगेच खालून निघून जायचं. काढून बघितलं, तर मुळांभोवती नुसता कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, कडक भाकरीसारखा खडखडीत. कोकोपीट पुरता वाळला की पाणी शोषत नाही, पाणी कडेकडेनं वाहून जातं. असं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवा, खालून भिजू द्या, मग निथळून घ्या.

उन्हाळ्यात दोन गोष्टी सांभाळा. पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन पान भाजतं, चार बोटं नाही, चांगलं चार हात आत घ्या. आणि दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी घालू नका. हाताला चटका बसतो ते मुळाला कसं सोसेल? सकाळीच घाला.

बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्यानं पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब भांड्याचा साबण घालून संध्याकाळी फवारा.

हां, तो टणक कंद. सडकी मुळं कापली, दोन दिवस सावलीत वाळवला आणि ह्या तळहाताएवढ्या मातीच्या कुंडीत लावला. जानेवारीतली गड्डा यात्रा झाली, उन्हाळा आला, वर काहीच दिसेना. आई रोज म्हणायची, "अगं, थोडं तरी पाणी घाल त्याला." मी काडी खुपसून बघायचे आणि बऱ्याचदा तशीच परत यायचे. मागच्या आठवड्यात हे आलं. (कुंडी कॅमेऱ्यासमोर धरत) दिसतंय? ह्या बाजूनं, मातीतून वर आलेलं, गुंडाळलेलं, पोपटी टोक. आज पाणी आलं तेव्हा आई तांब्या घेऊन इथवर आली, आधी काडी घातली, काडीला माती चिकटून आली, आणि तांब्या तसाच दारातल्या तुळशीला घेऊन गेली.